औषधाचं कपाट कुणामुळे भरतं? आरोग्याचं बजेट समजून घेऊ या



"बीपीच्या गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या." पीएचसीत किंवा उपकेंद्रात हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकलं असेल. मग आपण सिस्टरवर चिडतो. नाहीतर "सरकारी म्हटलं की असंच" म्हणून गप्प बसतो आणि मेडिकलमधून गोळ्या विकत घेतो. पैसे नसतील तर गोळी बंद होते. बीपीची गोळी बंद झाली की काय होतं, हे लकवा आलेला माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

पण सिस्टरच्या हातात काय असतं? तिने मागणी कळवलेली असते. ते कपाट भरायचं की नाही, किती भरायचं, हे कितीतरी महिने आधी आणि खूप लांब ठरलेलं असतं. ते कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि त्यात आपल्याला कुठे बोलता येतं, हा या महिन्याचा पाठ. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी मधेमधे थांबवून बोलावं, अशी विनंती.

गटाचा ठराव आणि सरकारचं बजेट

बजेट हा शब्द ऐकून घाबरू नका. आपण दर महिन्याला तेच करतो. समजा गटात या महिन्याला वीस हजार जमले. एकीला शेळी घ्यायचीय, दुसरीला मुलाची फी भरायचीय, तिसरीच्या सासूचं ऑपरेशन आहे. पैसे तेवढेच आहेत. आपण बसून ठरवतो आणि ठराव लिहितो. कुणाला आधी द्यायचं हे ठरवताना आपण नुसता हिशेब करत नाही, गटाला काय महत्त्वाचं वाटतं तेही त्यात येतं. काही गट म्हणतात, आजारपण आधी. काही म्हणतात, धंद्याचं कर्ज आधी, कारण त्यातून परतफेड लवकर होते. दोघींचंही म्हणणं खोटं नसतं, विचार वेगळा असतो.

सरकारचंही असंच असतं. केंद्राचं बजेट फेब्रुवारीत येतं, आपल्या राज्याचं साधारण मार्चमध्ये. १ एप्रिल ते ३१ मार्च हे त्यांचं वर्ष. रस्ते, धरणं, पगार, शाळा, कर्जमाफी, अनुदानं आणि आरोग्य, सगळे एकाच पिशवीकडे बघत असतात. कुणाला किती द्यायचं हे निवडून आलेली माणसं ठरवतात, आणि ती आपापल्या विचाराप्रमाणे ठरवतात. म्हणून बजेट हा राजकारणाचाही विषय आहे. राजकारण म्हणजे फक्त झेंडे आणि सभा नव्हेत. सगळ्यांचा पैसा कुणासाठी आधी वापरायचा, हा त्यातला मुख्य प्रश्न आहे.

आणि हो, हा पैसा आपलाही आहे. "आम्ही कुठे टॅक्स भरतो?" असं बैठकीत हमखास कुणीतरी विचारतं. मोबाईलचा रिचार्ज मारला की त्यात १८ टक्के जीएसटी असतो. तो मजूर बाईही भरते आणि बंगल्यातली बाईही भरते. साबण, चप्पल, भांडी, सगळ्यात थोडा थोडा कर आहे. म्हणून दवाखान्यात मिळालेली गोळी ही मेहेरबानी नसते. तिचे पैसे आपण आधीच भरलेले असतात.

आरोग्याकडे बघण्याचे तीन विचार

राज्यकर्ते कुठल्याही पक्षाचे असोत, आरोग्याच्या पैशाबद्दल त्यांचे विचार साधारण तीन प्रकारचे असतात.

पहिला विचार: आजारी माणसाला उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे. सरकारने स्वतः दवाखाने चालवावेत, डॉक्टर नेमावेत, औषधं ठेवावीत. खर्च करातून करावा.

दुसरा विचार: सरकारला दवाखाने नीट चालवता येत नाहीत. त्यापेक्षा सरकारने गरिबाच्या नावाने विमा काढावा किंवा बिल भरावं. उपचार सरकारी किंवा खासगी, जिथे सोयीचं तिथे घ्यावेत.

तिसरा विचार: ज्याला जमतं त्याने स्वतःचा खर्च स्वतः करावा. सरकारने फक्त अगदी गरिबांकडे आणि साथीच्या रोगांकडे बघावं.

आपल्या देशात हे तिन्ही विचार एकमेकांत मिसळलेले आहेत. कधी एकाचा जोर असतो, कधी दुसऱ्याचा. जोर बदलला की पैसा वळतो, आणि पैसा वळला की त्याचा परिणाम आपल्या गावापर्यंत येतो.

आशाताई गावात कशा आल्या?

स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ साली, भोर समितीने एक मोठा अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहता कामा नये आणि आरोग्यसेवा खेड्यापर्यंत गेली पाहिजे, असा त्याचा गाभा होता. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथून पुढे आली. म्हणजे हा पहिला विचार. आजचा नियम असा आहे की साध्या भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक पीएचसी असावी. आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० आणि २०,००० लोकांमागे. कागदावर आराखडा चांगला होता, पण त्याला पुरेल एवढा पैसा कधी दिला गेला नाही.

मग २००४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर केंद्रात अनेक पक्षांच्या आघाडीचं सरकार आलं. सत्तेवर येताना त्यांनी एक समान कार्यक्रम लिहिला. आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या २ ते ३ टक्क्यांपर्यंत नेऊ, असं त्यात कबूल केलं होतं. पुढच्याच वर्षी, १२ एप्रिल २००५ रोजी, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. आशाताई, गावची आरोग्य समिती, उपकेंद्राचा अबंधित निधी, रुग्ण कल्याण समिती, हे सगळं त्या अभियानातून आलं किंवा देशभर पसरलं. म्हणजे आपल्या दारात येऊन बाळाचं वजन बघणारी, बाळंतपणाला सोबत गाडीत बसणारी आशाताई एका राजकीय कबुलीतून आली. कागदावर लिहिलेलं बजेटमध्ये उतरलं, म्हणून ती आली.

पुढे २०१८ साली केंद्रातल्या नव्या सरकारने आयुष्मान भारत योजना आणली. तिचे दोन भाग आहेत. एक, उपकेंद्रं आणि पीएचसी सुधारून तिथे जास्त सेवा द्यायच्या. त्यांनाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. दुसरा, पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातल्या उपचाराचं संरक्षण. हा दुसरा भाग म्हणजे आपण वर पाहिलेला दुसरा विचार. आपल्या राज्यात तो आधीपासून होता. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. सरकार बदललं, नाव बदललं, पण योजना राहिली.

राजकारण किती आत असतं हे बघायचं तर पश्चिम बंगालचं उदाहरण घ्या. २०१९ च्या जानेवारीत तिथलं राज्य सरकार आयुष्मान योजनेतून बाहेर पडलं आणि स्वतःचीच योजना चालवत राहिलं. ओडिशा सुरुवातीला योजनेत आलाच नव्हता. २०२४ मध्ये तिथलं सरकार बदललं आणि मग तो सामील झाला. पेशंट तेच आणि आजार तेच. कुठलं कार्ड चालणार, हे मात्र कोण निवडून आलं यावर ठरलं.

कार्ड हवंच, पण कार्डाने गोळी मिळत नाही

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. कार्ड असलं की सगळं फुकट, असा पुष्कळजणींचा समज आहे. कार्ड मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर, ठरवून दिलेल्या ऑपरेशनसाठी आणि उपचारासाठी चालतं. हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, डायलिसिस, यासाठी ते फार मोठा आधार आहे. ते काढलं नसेल तर जरूर काढा.

पण आपण वर्षभर कशासाठी दवाखान्यात जातो? ताप, खोकला, अंगावरून जाणं, रक्त कमी असणं, शुगर, बीपी, सांधे. यासाठी भरती व्हावं लागत नाही. मग कार्डही चालत नाही. या दुखण्यांसाठी गावाजवळचा सरकारी दवाखाना नीट चालणं हाच उपाय आहे. आपल्या देशात लोक उपचारावर स्वतःच्या खिशातून जो खर्च करतात, त्यातला सगळ्यात मोठा भाग औषधांचा असतो.

आमच्या कामाच्या भागातलं एक उदाहरण सांगते, नाव सांगत नाही. एका गटातल्या ताईच्या सुनेचं बाळंतपण अडलं. जवळच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशनची खोली होती, टेबल होतं, पण भूल देणारे डॉक्टर नव्हते. ती जागा बरेच दिवस भरलेलीच नव्हती. रात्री खासगीत न्यावं लागलं. ताईने गटातून कर्ज घेतलं, वर सावकाराकडूनही उचलले. आई आणि बाळ सुखरूप आहेत, देवाची कृपा. पण ते कर्ज फेडताना पुढच्या हंगामाचं बियाणं उधारीवर आणावं लागलं. भूलतज्ज्ञाची रिकामी जागा कुणाच्या तरी कागदावर एक ओळ असते. त्या ओळीचं ओझं त्या ताईच्या घराने उचललं.

म्हणून कुणी विचारलं, "कार्ड हवं की दवाखाना?" तर आपलं उत्तर "दोन्ही" असावं. पैसा कार्डाकडेच जास्त वळला आणि उपकेंद्र कोरडं राहिलं, तर साधं दुखणं वाढून मोठं होतं आणि मग कार्डाची पाळी येते.

आकडे थोडेच, पण लक्षात ठेवण्यासारखे

देशात वर्षाला १०० रुपयांचं उत्पन्न झालं असं धरा. त्यातले २०१३-१४ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून आरोग्यावर १ रुपया १५ पैसे खर्च केले. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या काळात, ते १ रुपया ८४ पैसे झाले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच रुपये करू असं लिहिलं होतं.

आता उलटी बाजू. आरोग्यावर देशात एकूण जो खर्च होतो, त्यातले १०० पैकी ६४ रुपये २०१३-१४ मध्ये लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. म्हणजे सरकारचा हात सुटला की आपल्या खिशातून जास्त जातं. तरीही ३९ हा आकडा लहान नाही, आणि तो सगळ्यांची मिळून सरासरी आहे.

आरोग्य हा आपल्या घटनेप्रमाणे राज्याचा विषय आहे. त्यामुळे मोठा खर्च राज्यालाच करायचा असतो. आरोग्य अभियानासाठी महाराष्ट्रासारख्या राज्यात १०० पैकी ६० रुपये केंद्र देतं आणि ४० राज्य. राज्यांनी आपल्या बजेटमधला ८ टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा आरोग्याला द्यावा, असंही २०१७ च्या धोरणात म्हटलंय. त्यासाठी २०२० ही मुदत होती. महाराष्ट्र हे श्रीमंत राज्य, तरी आपण त्या ८ च्या बरेच खाली आहोत. म्हणजे राज्यात पैसा आहे, पण वाटणीच्या वेळी आरोग्याचा नंबर मागे राहतो.

घोषणा, तरतूद, वितरण, खर्च

टीव्हीवर घोषणा झाली म्हणजे पैसा आला, असं नसतं. चार पायऱ्या असतात. घोषणा म्हणजे बोलणं. तरतूद म्हणजे बजेटमध्ये आकडा लिहिणं. वितरण म्हणजे तो पैसा प्रत्यक्ष जिल्ह्याला, तालुक्याला सोडणं. खर्च म्हणजे त्यातून औषध येणं, पगार होणं. प्रत्येक पायरीवर पैसा अडू शकतो. मार्च एंडला आला तर घाईत खर्च होतो किंवा पडून राहतो.

आशाताईंचंच बघा. २०२३ च्या शेवटी राज्यातल्या आशाताई संपावर गेल्या. मानधन वाढवण्याची घोषणा झाली, पण शासन निर्णय निघेना. म्हणून २०२४ च्या जानेवारीत त्या पुन्हा संपावर बसल्या. मार्चमध्ये महिना ५,००० रुपये वाढीचा शासन निर्णय निघाला. घोषणेवर टाळ्या वाजवून त्या घरी गेल्या नाहीत, कागद निघेपर्यंत थांबल्या. हे आपणही शिकण्यासारखं आहे.

दुसरं उदाहरण. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपर, तपासण्या आणि उपचार मोफत झाले. चांगलाच निर्णय. पण फी बंद झाल्यावर दवाखान्याला औषधांसाठी पैसा वेळेवर मिळाला नाही, तर मोफत काय मिळणार? चिठ्ठी मोफत आणि औषध बाहेरून, असं व्हायला नको. म्हणून निर्णयाच्या मागे तरतूद आहे का, हे विचारायचं असतं.

तमिळनाडूत दवाखान्यालाही पासबुक

तमिळनाडूने १९९५ पासून सरकारी दवाखान्यांसाठी औषध खरेदी एका महामंडळाकडे दिली. सगळ्या राज्यासाठी एकत्र, मूळ नावाने औषधं घ्यायची, म्हणजे भाव कमी पडतो. गटाने मिळून खत घेतलं की स्वस्त पडतं, तसंच. जिल्ह्यात गोदामं केली. आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक दिलं. वर्षाला किती रुपयांची औषधं मिळणार, किती घेतली आणि किती शिल्लक आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं. शिल्लक दिसत असली की "वरून आलं नाही" असं मोघम सांगता येत नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तिथले दोन मोठे पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक आहेत. सत्ता इकडून तिकडे बरेच वेळा गेली. पण कुणीही ही व्यवस्था मोडली नाही. राजस्थाननेही त्याच वाटेने २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये औषध खरेदीसाठी कायदा करून वेगळं प्राधिकरण स्थापन केलं. त्याचा फायदा आपल्या उपकेंद्रापर्यंत पोचतोय का, ते कपाट उघडून बघायचं काम आपलं.

मग दीड हजाराचं काय?

लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये आपल्यापैकी अनेकींच्या खात्यात आलेत. ते चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. बाईच्या हातात स्वतःचे पैसे असणं किती मोठं आहे, हे आपल्याला माहीत आहे. फक्त एक हिशेब करून बघा. सोनोग्राफी बाहेर करावी लागली, बीपीच्या गोळ्या बाहेरून आणल्या, दवाखान्यात जायला गाडी केली, तर त्या दीड हजारातले किती उरले? खात्यात पैसे येणं आणि दवाखान्यात सेवा मिळणं, दोन्ही आपल्याला हवं. एकाच्या आनंदात दुसरं विचारायचं विसरू नये, एवढंच.

आपण कुठे बोलायचं?

१. गावची समिती: तिचं पूर्ण नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत निधी मिळू शकतो. समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात आणि गटाच्या प्रतिनिधी असाव्यात, असा नियम आहे. तुमच्या गावात कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली?

२. महिला सभा आणि ग्रामसभा: ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी. ग्रामपंचायत विकास आराखड्यात आरोग्याची कामं घालता येतात. उपकेंद्राला पाणी नाही, बाळंतपणाच्या खोलीत दिवा नाही, हे तिथे लिहून घ्या. महिला व बालकल्याणासाठी पंचायतीने आपल्या उत्पन्नातून १० टक्के खर्च करायचा असतो, तोही विचारा.

३. पीएचसीची रुग्ण कल्याण समिती: तिच्याकडेही निधी असतो. किती आला, कशावर गेला, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. प्रभागसंघाने एकत्र पत्र दिलं तर जास्त वजन पडतं.

४. आमदार, जिल्हा परिषद सदस्य: औषध खरेदी, डॉक्टरांच्या जागा, नवी इमारत, हे गावात ठरत नाही. ते राज्यात आणि जिल्ह्यात ठरतं. बजेट मार्चमध्ये येतं, म्हणून मागणी दिवाळीनंतर लगेच द्यायची. एप्रिलमध्ये दिलेलं पत्र पुढच्या वर्षावर जातं.

५. निवडणूक: कुणाला मत द्यायचं हे आमचं पत्रक सांगणार नाही, सांगूही नये. पण मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: "आमच्या पीएचसीसाठी तुम्ही काय केलं, आणि पुढच्या बजेटमध्ये काय मागणार?" सगळ्या पक्षांना हाच प्रश्न.

हे नुसतं बोलायला नाही. २००७ पासून आपल्या राज्यात पुणे, नंदुरबार, अमरावती अशा जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्या बायका-माणसांनी दवाखान्यातल्या सेवांना गुण दिले, ते तक्त्यावर लिहिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडले. बऱ्याच ठिकाणी बंद सेवा त्यातून सुरू झाल्या.

आणि सिस्टरशी भांडू नका. तिला सोबत घ्या. कोणती औषधं कधीपासून नाहीत हे तिलाच सगळ्यात चांगलं माहीत असतं, आणि आपण विचारलं तर तिच्या मागणीलाही जोर येतो.

पुढच्या बैठकीसाठी

• गटाचं कर्जवाटप रजिस्टर उघडा. गेल्या वर्षी दिलेल्या कर्जांपैकी किती दवाखान्यासाठी होती? रक्कम किती? तो आकडा वहीत लिहा.
• त्यातली कोणती कर्जं सरकारी दवाखान्यात सोय असती तर घ्यावी लागली नसती? यावर सगळ्यांनी बोला.
• उपकेंद्रात कोणती पाच औषधं कायम असावीत, याची यादी आशाताई आणि सिस्टरला विचारून करा. महिन्यातून एकदा दोघींनी जाऊन बघायचं आणि आहे किंवा नाही अशी खूण करायची.
• तीन महिन्यांच्या खुणा आणि कर्जाचा आकडा ग्रामसंघात द्या. ग्रामसंघांचे आकडे एकत्र करून प्रभागसंघातर्फे निवेदन तयार करू. लिहायला मी मदत करीन.

तुमच्या गटाचा आकडा पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत सीआरपी ताईंकडे पोचवा. जितके गट, तितका तो कागद जाड होईल.